कोण बसणार?

आधी जमिनीवर बसा.

जुनी आरामखुर्ची घ्यायला निघालेल्या माणसाला हे उलटंच वाटेल, पण सुरुवात इथूनच करायची. सतरंजी असली तर सतरंजीवर, नसली तर फरशीवर. भिंतीला पाठ लावू नका. मांडी घाला. गुडघे कुरकुरले तर एक पाय लांब करा, कोणी बघत नाही. काही ठरवायला जाऊ नका. शरीर कुठे आधार मागतंय, एवढंच बघत राहा. कोणाची कंबर मागेल, कोणाची मान, एखाद्याचा उजवा खांदा. तक्रार जिथून पहिली येते तिथं मनाला थोडं रेंगाळू द्या. पुढे दुकानात खुर्च्यांची रांग समोर असेल, दुकानदाराचं तोंड चालू असेल, तेव्हा हीच तक्रार कामाला येणार आहे.

आता घर बघा. उठू नका, बसल्या जागेवरून मनातच फिरा. मी नामपूरचं घर धरतो. बागलाणात, मोसम नदीच्या काठचं. पुढे ओटा. आत बैठकीची खोली. मागे स्वयंपाकघर, मोरी, आणि मळ्यात राहणाऱ्यांकडे घराला लागूनच कांदा चाळ. जुनं धाब्याचं घर असेल तर सागाचे खांब आणि वर माती. नवं असेल तर स्लॅब, सोफासेट, टीव्ही आणि टीव्हीखाली शोकेस. तुमचं घर पुण्यात असो की दुबईत, त्याच चालीने फिरा. प्रत्येक जागी थांबा आणि विचारा, इथे दुपारी कोण असतं? पहाटे कांद्याचा ट्रॅक्टर मार्केटला निघाला की मागे घरात कोण उरतं? संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना अप्पा कशावर बसतात? आणि त्यांना चहा आणून देणारी बाई स्वतःचा चहा कशावर बसून पिते?

या शेवटच्या प्रश्नापाशी जरा जास्त थांबा. बऱ्याच घरांत त्याचं उत्तर उंबरा असं येतं. किंवा पाट. किंवा ओट्याची कड, एक पाय खाली सोडून, हाक आली की चटकन उठता यावं म्हणून. पुष्कळ घरांत तर ती उभ्यानेच पिते, गॅसपाशी.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते आत्ताच सांगून मोकळा होतो. जुनी खुर्ची निवडताना आपण घरात कोणाला निवांत बसू द्यायचं ते निवडत असतो. लाकूड, कोरीवकाम, वय, भाव, सगळं त्याच्या मागून.

मांडी बदला. आता थोडं मागे जाऊ.

आपल्या घरांत खुर्ची फार उशिरा आली. आपली बैठक खालची. गादी, लोड, तक्के, पाट, चौरंग, घोंगडी, फार तर बाज. पाहुणा आला तर बाज टाकायची, तिच्यावर गोधडी अंथरायची, आणि यजमान पायथ्याशी टेकायचा. खुर्ची गावात आली ती कचेरीच्या दारातून. मामलेदाराची खुर्ची, फौजदाराची खुर्ची, हेडमास्तरांची खुर्ची. तिच्यावर एक जण बसायचा आणि समोर बाकीचे हात जोडून उभे राहायचे. आजही निवडणुकीच्या बातमीत 'खुर्चीसाठी' म्हटलं की कोणी लाकडाचा विचार करत नाही.

नामपूरकरांना या संदर्भात एक माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. आपला तालुका सटाण्याचा, आणि सटाण्याला देवमामलेदारांचं मंदिर आहे. यशवंतराव महादेव भोसेकर, जन्म 1815, निधन 1887. इंग्रजी अमलातले मामलेदार. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी खुला केला, ही त्यांची ख्याती, आणि त्यावरून लोकांनी त्यांना थेट देवपणा दिला. मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांची यात्रा भरते. पाळणे येतात, रेवड्या येतात, नारळ फुटतात. एका महसुली अधिकाऱ्याची यात्रा! महाराष्ट्रात मामलेदार किती होऊन गेले असतील, त्यांच्या खुर्च्याही कुठल्या ना कुठल्या तहसिलाच्या माळ्यावर धूळ खात असतील. लोकांनी ध्यानात ठेवला तो खुर्ची विसरून समोरच्याकडे बघणारा.

दुसरी आठवण अलीकडची आहे आणि ती सुखाची नाही. 2019 मध्ये उत्तराखंडात, टिहरी गढवाल भागात, एका लग्नात तथाकथित वरच्या जातीच्या लोकांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली. तो त्यात गेला. हे वाचताना 'तिकडे उत्तरेत होतं असं' असा विचार मनात आला असेल, तर तो ढकलून देऊ नका. त्याच्याकडे बघा. मग आपल्या आजोबांच्या ओट्यावर खुर्ची कोणासाठी पुढे केली जायची आणि कोणाला ओट्याखालच्या दगडावर बसायला सांगितलं जायचं, ते आठवतं का बघा. आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते आधी टाळतील, मग सांगतील.

म्हणून एखादी शंभर वर्षांची खुर्ची दुकानात दिसली की 'काय रुबाब आहे!' असं तोंडातून निघतं, तेव्हा मी स्वतःला क्षणभर थांबवतो. रुबाब कोणाचा? आणि तो कोणासमोर होता? याचा अर्थ ती घेऊ नये असा मुळीच नाही. उलट घ्यावी, घरी आणावी, आणि ज्यांना तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं त्यांना तिच्यावर बसवावं. जुनी वस्तू घेण्याचं याहून चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आता जमिनीवरून उठा. उठताना हात कुठे टेकला ते बघा. हेही लागेल.

दुकानात जाण्याआधी घरातला माळा बघा. काकांचा बघा, मामांचा बघा. जुन्या खुर्च्यांचा सगळ्यात मोठा साठा बाजारात नाहीच, तो आपल्या घरांच्या माळ्यावर एक हात मोडलेल्या अवस्थेत उलटा पडलेला आहे. नामपूरच्या माळ्यावर कोरीव महाराजा खुर्ची मिळेल अशी आशा धरू नका. तिथे बहुधा तीनपैकी एक गोष्ट निघेल: शाळेच्या लिलावातली सरळ पाठीची लाकडी खुर्ची, पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं ऑइल पेंटने लिहिलेली लोखंडी घडीची खुर्ची, किंवा कापडी आरामखुर्ची.

या कापडी खुर्चीपाशी थांबू. लाकडाच्या दोन चौकटी, मध्ये झोळीसारखं ताणलेलं जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आणि मागे टेकणाचा दांडा अडकवायला खाचा. एका खाचेत वाचन, पुढच्या खाचेत डुलकी, शेवटच्या खाचेत घोरणं. लहानपणी तिच्यात बोट चिमटलं नाही असा माणूस मला भेटायचाय. पेन्शनीत निघालेला मास्तर, पेपर, चष्मा आणि ही खुर्ची, असं चित्र आपल्या नाटकांनी, व्यंगचित्रांनी इतकं वापरलं की ती खुर्ची विनोदी झाली. तिला कोणी अँटिक म्हणत नाही, म्हणून ती स्वस्त आहे. कापड फाटलेलं असतं, ते बदलता येतं; दोन्ही टोकांना दांडा जाईल एवढी घडी शिवली की झालं. चौकट सागाची असेल तर अजून दोन पिढ्या बघेल. पण तिच्यात गुडघे नितंबांपेक्षा वर राहतात, आणि सत्तरीच्या माणसाला तिच्यातून उठायचं तर दोन्ही हातांनी चौकट धरून झोका घ्यावा लागतो. तुमच्या घरात कोण बसणार, याचं उत्तर 'मोठी माय', म्हणजे आजी, असेल तर ही खुर्ची नको, कितीही आठवणी असल्या तरी.

लांब हातांची वेताची आरामखुर्ची आली डाकबंगल्यांतून, मळेवाल्या साहेबांच्या व्हरांड्यांतून, रेल्वेच्या वेटिंग रूममधून. बसक मागे उतरती, पाठ तिरपी, आणि हात इतके लांब की त्यांच्यावर पाय पसरून टाकता येतात. काहींना हाताखालून फिरवून बाहेर काढायच्या जोड-फळ्या असतात. साहेब दौऱ्यावरून आला की त्यावर पाय टाकायचा आणि बूट दुसरा कोणीतरी ओढायचा. लाकूड बहुतेक साग. सागाचं म्हणाल तर आपल्या बागलाणाच्या पश्चिमेला डांग लागतो. तिथलं जंगल इंग्रजांनी 1842 मध्ये भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं, ते या लाकडासाठी. त्या राजांच्या वारसांना आजही आहव्याच्या डांग दरबारात वर्षासन मिळतं. खुर्चीच्या हातावरून हात फिरवताना हे आठवलं तर फिरवणं थोडं सावकाश होतं.

मुंबईची काळ्या शिसवाची खुर्ची मला आवडत नाही, हे आधीच कबूल करतो. एकोणिसाव्या शतकात मेडोज स्ट्रीटवर तिची दुकानं होती. पारशी आणि इंग्रज घरांतून तिचा बडेजाव असायचा, आणि 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मुंबईचं असं सामान गेलं होतं. पाठीवर वेली, द्राक्षांचे घड, पक्षी, सगळं जाळीदार, आरपार कोरलेलं. कारागिरी बघून थक्क व्हायला होतं. बसायला गेलं की द्राक्षं मणक्याला लागतात. ती बघायची खुर्ची आहे. दिवाणखान्यात दोन ठेवल्या की खोली संग्रहालय होते आणि पाहुणा कडेवर टेकून बसतो. ज्यांना तेच हवं असतं त्यांनी ती खुशाल घ्यावी.

इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मात्र कोणालाही जवळची वाटते. मूळ रचना मिखाएल थोनेटची, व्हिएन्नातली, 1859 सालची. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं. सगळी खुर्ची 6 लाकडी तुकडे, 10 स्क्रू आणि 2 नट यांत संपते. सुटे भाग करून 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या, म्हणून ती जगभर गेली आणि मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर येऊन बसली. तिच्यावर बसायला ओळख लागत नव्हती. चहाचे पैसे दिले की हमालालाही ती, वकिलालाही ती. फक्त बीच म्हणजे साग नव्हे. आपल्या हवेत त्याला कीड लवकर धरते. घ्यायची तर पायाची टोकं नीट बघा.

आणि चंदीगडची गोष्ट. 1950 च्या दशकात ते शहर उभं राहिलं तेव्हा ते आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने तिथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. साध्या, तिरप्या पायांच्या. कारकुनांनी त्या झिजवल्या, मोडल्या की गच्चीवर फेकल्या, सरकारने भंगाराच्या भावात लिलावात काढल्या. पुढे परदेशी व्यापाऱ्यांनी त्याच उचलून युरोप-अमेरिकेत लाखांच्या भावाने विकल्या, आणि 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला त्या विकण्यावर बंदी घालावी लागली. गच्चीवरचा ढीग आणि लिलावघरातला दिव्याखालचा चौथरा, यांत खुर्ची बदललेली नाही, एक पायही नाही. किमतीचं असं असतं. हे एवढ्यासाठी सांगितलं की तुमच्या गावच्या हायस्कुलाच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांचा ढीग असेल, तर त्याच्याकडे एकदा नीट बघा.

चला, आता दुकानात. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, ओशिवऱ्याचं जुन्या फर्निचरचं मार्केट; आपल्याकडे मालेगाव-नाशिकला जुन्या सामानवाल्यांची दुकानं, जिथे पाडलेल्या वाड्यांची दारं, खांब आणि कपाटं उभी करून ठेवलेली असतात. आत शिरल्यावर लगेच भाव विचारू नका. दुकानदार म्हणेलच, "बठा ना अप्पा, बठाले पैसा नही लागत." बसू. पण आधी हात.

एक वेताची खुर्ची निवडा, आवडलेलीच असं नाही. तिच्यासमोर उभे राहा आणि डोळे मिटा. विणीवर बोटांची टोकं ठेवा. वेत विणायचं काम आपल्याकडे कित्येक वर्षं अंध कारागिरांना शिकवलं जात आलंय, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी बसकी त्यांच्या हातच्या आहेत. म्हणजे ही वीण डोळ्यांनी विणलेली असेलच असं नाही. ती बोटांनीच वाचून बघा.

चौकटीच्या कडेने भोकं लागतील, साधारण अर्ध्या अर्ध्या इंचावर. वेताची वरची गुळगुळीत साल, पट्ट्या काढून पाण्यात भिजवलेली, या भोकांतून जाते. आधी पुढून मागे. त्यावर आडवी. पुन्हा पुढून मागे, पुन्हा आडवी, आणि या वेळी खालून-वरून गुंफत. मग एक तिरकी. मग उलटी तिरकी. सहा फेऱ्यांत नुसत्या रेघांची जाळी होते, जाळीत आठकोनी डोळे उघडतात. शेवटी कडेने एक रुंद पट्टी, भोकं झाकायला. एका बसकीला कारागिराचा एक पूर्ण दिवस सहज जातो, कधी जास्तच. बोट एका तिरक्या पट्टीवर ठेवा आणि ती जिथे भोकात शिरते तिथपर्यंत जाऊ द्या. घाई करू नका, मधे कुठे तुटली असेल तर बोट सांगेल. आता चौकटीची खालची बाजू चाचपा. भोकं आहेत, त्यांतून वेत खाली येऊन गाठला आहे, म्हणजे हातची वीण. भोकं नाहीत, नुसती कडेने एक खाच आणि खाचेत दाबून बसवलेली दोरी, म्हणजे कारखान्यातली तयार जाळी. तयार जाळीत वाईट काही नाही. पण भाव हातच्या विणीचा सांगत असतील तर आता तुम्हाला कळलं.

डोळे उघडा. खुर्ची उलटी करा. विक्रेता कुरकुरेल, करू द्या. जुन्या वस्तूचं खरं तोंड खाली असतं. वरून पॉलिश कोणीही मारतं. खालचं लाकूड कोरडं, काळपटलेलं, असमान हवं. रंध्याच्या लाटा हाताला लागतात का बघा. करवतीचे ओरखडे सरळ आहेत की गोलाकार? गोलाकार असतील तर ते चकतीच्या मशीनवर कापलेलं लाकूड. सांधे बघा. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घुसवून लाकडाचीच खुंटी मारलेली असेल, पाचर ठोकलेली असेल, तर बनवणारा खुर्ची टिकवायच्या हिशोबाने बसला होता. अधिक चिन्हाचा स्क्रू दिसला तर हे ध्यानात घ्या की तो जगात आलाच 1930 च्या दशकात; खुर्ची शंभर वर्षांची सांगत असतील तर एक तर दुरुस्ती झालीय किंवा वय वाढवून सांगताहेत. आपल्या कायद्यातही पुराणवस्तू म्हणायला शंभर वर्षं लागतात. बाजारात मात्र दहा वर्षांनीही भागतं.

इथे एक गोष्ट नीट बघायची असते. पाडलेल्या वाड्याच्या तुळयांपासून आज नव्या खुर्च्या बनतात, आणि राजस्थानात जोधपूरला तर नव्या सामानाला जुनेपण देण्याचा मोठा धंदाच चालतो. लाकूड खरंच शंभर वर्षांचं, खुर्ची गेल्या दिवाळीची. ही फसवणूक आहे का? सांगून विकली तर नाही. मला तर असं लाकूड मनापासून आवडतं. सुकून स्थिरावलेलं असतं, उन्हाळ्यात तडकत नाही. पण मग जुन्या खिळ्यांची भोकं बुजवलेली दिसतात, नको त्या जागी, हाताच्या मधोमध, पायाच्या बाजूला. त्या भोकांवरून आढ्याचा कोणता भाग इथे आलाय याचा अंदाज बांधत बसायला मजा येते.

आणि कीड. बारीक गोल भोकं असतीलच, जुन्या लाकडाला ती असतात. प्रश्न त्यांतून अजून भुगा पडतो का हा आहे. खुर्चीखाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवायला सांगा. पिठासारखा ताजा भुगा दिसला तर घेऊ नका, किंवा औषधपाणी करून मगच घरात शिरू द्या. नाहीतर दाराच्या चौकटीलाही लागण. सागाचा तांबूस गाभा सहसा किडत नाही, त्यात मुळातच तेल असतं. किडतो तो बाहेरचा पांढुरका भाग, आणि कंजूष सुताराने तोच वापरलेला असतो.

आता बसा.

पूर्ण बसा, पाठ टेकून. मोबाइल खिशातच राहू द्या. पाऊल जमिनीला पूर्ण टेकतंय? मांडीखाली पुढची कड रुततेय? बसकीची उंची साधारण 17-18 इंच असेल तर बहुतेकांना उठबस सोपी जाते. जुन्या खुर्च्या साहेबाच्या उंचीच्या असतात; आपल्याकडच्या बुटक्या बायकांचे पाय त्यांत लोंबकळतात, आणि दहा मिनिटांत पोटऱ्या जड होतात. हात हाताच्या दांड्यावर ठेवा. खांदे वर उचलले गेले का? मग दांडे उंच आहेत. आणि आता मघाची, जमिनीवर बसल्याची तक्रार आठवा. कंबर मागत होती का काही? तिला मिळालं?

असेच बसून राहा. पहिल्या मिनिटात प्रत्येक आरामखुर्ची सुखाचीच वाटते, दुकानदार त्याच मिनिटावर जगतो. दहा-पंधरा मिनिटांनी शरीर खरं बोलायला लागतं. कुठेतरी सरकावंसं वाटतं, एक पाय वर घ्यावासा वाटतो. आपण खाली बसणारी माणसं. खुर्चीतही मांडी घालतो. घालता येते का बघा. मांडी मावली तर ती खुर्ची आपल्या घरात नांदेल.

मग उठा, हात न लावता. जमलं? आता घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला उठताना डोळ्यासमोर आणा. डोळ्यासमोर कशाला, जमेल तर त्यांनाच घेऊन जा. मोठी माय म्हणेल, "माले काय खुर्ची, मी बठसु खाले." तरी बसवा. एकदा बसली की ती खुर्चीविषयी जे बोलेल ते कुठल्याही जाणकारापेक्षा अचूक असेल.

भाव करा. लाज वाटून घेऊ नका, जुन्या सामानात छापील किंमत नसतेच. पण खुर्ची घेतल्यावर पुढे काय लागणार ते धरूनच भाव करा: वेत नव्याने भरायचा असेल तर विणणारा मिळतोय का, तो आधी शोधा. तालुक्याच्या ठिकाणी आता एखाददुसराच उरलाय, आणि त्यालाही मोबाइलवर गाठावं लागतं. विणणारा मिळत नसेल तर फाटक्या वेताची खुर्ची स्वस्तात घेणं महागातच पडतं.

पॉलिशचा मोह आवरा. जुन्या खुर्चीवर बहुधा चपड्याचं पॉलिश असतं, लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने चढवलेलं. खालच्या कुठल्याशा कोपऱ्यावर स्पिरिटचा थेंब टाकून बघा. चिकट होऊन विरघळलं तर चपडाच. त्यावर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, पण ते चपड्याच्याच एका हाताने पुन्हा निघतंही. मिस्तरी म्हणेल, "सगळं घासून मेलामाइन मारतो, आरशासारखं चकाकेल." नको म्हणा. हाताच्या टोकाला जिथे कोणाच्यातरी तळव्याने वर्षानुवर्षं घासून लाकूड काळं आणि गुळगुळीत केलंय, ते पॉलिश पेपरने एका दुपारी जातं आणि पुन्हा कोणाच्याही पैशाने येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, गरज वाटली तर थोडं मेण.

घरी आणल्यावर नामपूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. कोरड्या हवेत वेत ठिसूळ होतो, तडकतो. वैशाखात एक-दोनदा बसकीखालून, चकचकीत नसलेल्या बाजूने, ओलं फडकं फिरवा आणि सावलीत वाळू द्या. सैल झालेला वेत त्याने पुष्कळ ताठ होतो. पश्चिमेच्या खिडकीपासून दूर ठेवा. आणि तिच्यावर उभं राहून पंखा पुसायला कोणालाही चढू देऊ नका, पाहुण्यांच्या पोराला तर नाहीच.

कुठे ठेवायची, ते तुम्ही जमिनीवर बसून मनात घर फिरलात तेव्हाच ठरलंय. तिथेच ठेवा. टीव्हीकडे तोंड करून ठेवली की ती अप्पांची होते, हे लिहून घ्या. स्वयंपाकघराच्या दाराशी, उजेडात, शेजारी टेकायला छोटं स्टूल ठेवून मांडली तर दुसरं कोणी बसायची शक्यता वाढते. मुद्दाम कोणाला बसा म्हणू नका. काही दिवस नुसतं बघा. दुपारी साडेतीनला, भांडी घासून झाल्यावर, कोण येऊन बसतंय? पेपर घेऊन? की नुसतंच? कामाला येणाऱ्या मावशी तिच्यावर टेकतात का, की अजूनही जमिनीवर? त्या टेकल्या नाहीत तर एकदा, फक्त एकदा, खुर्ची त्यांच्याकडे सरकवा आणि चहा तिथेच द्या.

आणि दोन-तीन महिन्यांनी तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीगच बसत असेल, तर दुकानदाराला फोन लावा. तो आधी ओळख दाखवणार नाही, मग येऊन खुर्ची उलटी करून बघेल, दोन खोट्या खोडी काढेल आणि तुम्ही दिलेल्या पैशांच्या निम्मे सांगेल. साठ टक्क्यांवर तोडा. टेम्पोचं भाडं त्याच्याकडे.